कुस्कोला आम्ही मागे राहिलो

लग्न होऊन मिशिगनला आल्यापासून आमची प्रत्येक मोठी सुट्टी भारतातच गेली होती. दोन-तीन वर्षांनी एकदा जायचं, बॅगा भरून न्यायच्या, भरून आणायच्या. निम्मे दिवस नातेवाइकांकडे जेवण्यात जायचे आणि उरलेले पोट बिघडल्यामुळे पडून राहण्यात. त्याशिवाय सुट्टीचं दुसरं काही करता येतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. माझे आईवडील लवकर गेले. मग सांगलीला सासूबाई होत्या, आणि त्या होत्या तोवर प्रश्न नव्हता.

ऐंशीच्या दशकातल्या एका ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. डेट्रॉइटजवळ नोव्हायला आमच्या घरी सकाळी फोन आला तेव्हा माझा नवरा ऑफिसला निघायला बूट घालत होता. चुलतदीर बोलत होते. हा मिळेल त्या विमानानं निघाला. डेट्रॉइट, न्यू यॉर्क, लंडन, मुंबई, आणि तिथून टॅक्सीनं सांगली. पोचला तोवर सगळं उरकलं होतं. अग्नी चुलतदिरांनी दिला होता. शेजारीपाजारी म्हणाले, फार वेळ ठेवता येईना. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. तेराव्यापर्यंत राहून हा परत आला आणि विमानतळावर मला म्हणाला, "सगळं नीट झालं." त्यानंतर त्या विषयावर तो बोलला नाही. मी एकदोनदा विचारलं, तर उठून गराजमध्ये गेला.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा एका संध्याकाळी त्यानं माझ्यासमोर एक ब्रोशर ठेवलं. पेरू. वर माचू पिचूचा फोटो, ढगांतून वर आलेला डोंगर आणि त्याच्या खांद्यावर पडकं गाव.

"यंदा इथं जाऊ या," तो म्हणाला.

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. नायगारा सोडला तर या माणसानं स्वतःहून मला कुठं नेलं नव्हतं.

"आणि भारत?"

"भारतात आता कुणाकडे?"

भाऊ होते, बहिणी होत्या, चुलत-मावस सगळे होते. पण दारात उभं राहून नुसतं 'आलो' म्हणायचं अशी माणसं उरली नव्हती, हे मलाही कळत होतं. मी बरं म्हटलं. मुलगी अकरा वर्षांची होती. तिला ओहायोत डब्लिनला माझ्या मैत्रिणीकडे ठेवायचं ठरलं. मैत्रिणीच्या मुली तिच्याच वयाच्या, त्यामुळे ती आमच्याकडे वळूनसुद्धा न बघता "बाय!" म्हणून आत पळाली.

मेअखेर आम्ही निघालो. नवे निळे अमेरिकन पासपोर्ट काढून वर्ष झालं होतं, आणि त्यांच्यावरचा भारत सोडून दुसरीकडचा हा पहिलाच प्रवास. टूरचा ग्रुप मिशिगन-ओहायोतल्या माणसांचा, बहुतेक सगळे रिटायर झालेले. आम्हीच काय ते चाळिशीतले, आणि अर्थात आम्हीच काय ते सावळे.

लिमाला हॉटेलात पहिल्या संध्याकाळी जेवायला गेलो तर बाकी टेबलं भरलेली. आम्ही कोपऱ्यात बसून वेटरला हातवाऱ्यांनी सांगत होतो की मांस नको, मासा नको, हो, कोंबडीसुद्धा नको. तेवढ्यात एक उंच, वाकलेला म्हातारा आपल्या बायकोला घेऊन आमच्या टेबलाशी आला. "इथं बसलो तर चालेल? तुमच्या ताटात काय येतंय ते मला बघायचंय." ताटात उकडलेले बटाटे आणि दोन अंडी आली. तो मनापासून हसला आणि आपल्या ताटातला भात त्यानं आमच्याकडे सरकवला.

फ्लिंटजवळच्या एका लहान गावातले होते दोघं. त्यानं आयुष्यभर गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यात काम केलं होतं. कारखाना बंद झाला आणि त्याला वेळेआधी घरी बसावं लागलं. माझा नवरा गाड्यांच्या दारांचं डिझाइन करणारा. मग काय, दोघांचं जे सुरू झालं ते कॉफी येईपर्यंत चाललं. कुठल्या साली कुठलं मॉडेल, कुठलं दार नीट लागायचं नाही. "तुझी दारं मी ठोकली असणार," म्हातारा म्हणाला, "आणि तुला शिव्या घातल्या असणार." किती महिन्यांनी माझा नवरा मोठ्यानं हसला.

त्याची बायको बुटकी, गोल चेहऱ्याची, फार न बोलणारी. ती रजया शिवायची, तुकडे जोडून जोडून, आपल्या गोधडीसारख्याच. रात्री खोलीत आम्ही त्यांच्याविषयी बोलताना आपोआप काका आणि काकू म्हणायला लागलो. त्यांना ते कधीच कळलं नाही.

लिमाचं आकाश त्या दिवसांत राखाडी असतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं दमट धुकं अंगावर बसतं. पहिल्या दिवशी मोठा चौक बघितला, कॅथेड्रल बघितलं, रस्त्यावर पुढे आलेले कोरीव लाकडी सज्जे बघितले. काका प्रत्येक सज्ज्याखाली थांबून फोटो काढायचे आणि गाइडला उशीर व्हायचा. गाइड पंचविशीतली मुलगी होती, चांगलं इंग्रजी बोलणारी. ती त्यांच्यावर रागवायची आणि पुढच्या सज्ज्याखाली स्वतःच थांबायची.

दुपारी म्युझियममध्ये जुनी वस्त्रं होती. वाळवंटात पुरलेल्या माणसांच्या अंगावरची. लाल, पिवळा, निळा रंग काल रंगवल्यासारखा. एका काचेच्या पेटीत माणूसही होता, गुडघे छातीशी घेऊन बसवलेला, कापडात गुंडाळलेला. गाइडनं सांगितलं की ही वस्त्रं विणायला घरच्या बायकांना कित्येक वर्षं लागत.

काकू काचेला नाक लावून टाके बघत होत्या. "एवढं काम," त्या म्हणाल्या, "आणि मातीत घालायला."

"मग कुणासाठी करायचं?" काका म्हणाले.

ग्रुप पुढच्या दालनात गेला तरी माझा नवरा त्या पेटीसमोर उभा होता. मी त्याची बाही धरून त्याला नेलं.

दुसऱ्या दिवशी समुद्र बघितला. कड्याच्या टोकावरून खाली पॅसिफिक, पण धुक्यात नुसता आवाज. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला, म्हणजे ऐकला. काकांनी मला कॅमेरा दिला आणि दोघं कठड्याशी उभे राहिले. मी फोटो काढेपर्यंत त्यांनी काकूंच्या कोटाची कॉलर सरळ केली.

तिसऱ्या दिवशी विमानानं कुस्को. उतरलो तर आकाश एकदम निळं, हवा कोरडी आणि विरळ. दोन पायऱ्या चढलं की छाती भरून यायची. हॉटेलात सगळ्यांना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून कोकाच्या पानांचा चहा दिला आणि गाइडनं बजावलं की दुपारभर पडून राहा, चालाल तेव्हा सावकाश चाला. आम्ही पडून राहिलो. माझं डोकं ठणकत होतं. संध्याकाळी आम्ही चौघं मुंगीच्या पावलांनी चौकापर्यंत गेलो. कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर काका बसले. "तुम्ही आत जाऊन या. मी इथून माणसं बघतो."

आम्ही बाहेर आलो तर ते एका टोप्या विकणाऱ्या बाईशी गप्पा मारत होते. तिला इंग्रजी येत नव्हतं, यांना स्पॅनिश. कान झाकणारी लोकरीची टोपी त्यांच्या डोक्यावर चढली होती, तिच्या दोऱ्या दोन्हीकडून लोंबत होत्या. काकू म्हणाल्या, "चर्चला घालून जाऊ नका म्हणजे झालं." रात्री त्यांनी सूप घेतलं, आमच्या सूपमध्ये मांस नाही ना याची स्वतः वेटरकडे चौकशी केली, आणि लवकर झोपायला गेले.

सकाळी मी केस विंचरत होते. दारावर टकटक झाली. काकू होत्या, रोबमध्ये, अनवाणी.

"ते उठत नाहीयेत," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

त्यांची खोली आमच्या शेजारचीच. माझा नवरा आधी आत गेला. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे, डॉक्टर नाही, पण हात लावल्यावर मला कळलं. काका कुशीवर झोपले होते, एक हात उशीखाली. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, हृदय म्हणाले, झोपेतच गेले असतील, त्रास झाला नसेल. गाइड दारात उभी राहून ते इंग्रजीत सांगत होती आणि रडत होती. काकू रडत नव्हत्या. त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले.

मग व्यवस्थेचं बोलणं सुरू झालं. मृतदेह अमेरिकेला न्यायचा तर लिमाहून कागद यायला हवेत, मध्ये शनिवार-रविवार, म्हणजे काही दिवस थांबणं आलं. ग्रुपला दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ट्रेननं माचू पिचूला निघायचं होतं आणि गाइडला त्यांच्याबरोबर जाणं भाग होतं. टूर कंपनीचे इथले एक गृहस्थ मदत करणार होते, पण त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं.

"आम्ही थांबतो," माझा नवरा म्हणाला.

मला विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या डोळ्यांसमोर एक क्षण ब्रोशरवरचा तो डोंगर आला आणि गेला. मग मी म्हटलं, "हो, थांबतो."

हॉस्पिटलची गाडी दुपारी येणार होती. तोवर तो काकांच्या पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसला. गाइडनं दोनदा सांगितलं की बसायची गरज नाही, खोलीला कुलूप लावू. तो म्हणाला, "असू दे." काकू खिडकीशी बसून होत्या. मध्येच उठून त्यांनी काकांचे शर्ट घडी घालून बॅगेत ठेवायला सुरुवात केली, मग थांबल्या.

"तुमच्याकडे काय करतात?" त्यांनी त्याला विचारलं. "माणूस गेल्यावर?"

त्यानं एकेक सांगितलं. "तोंडात पाणी घालतात. तुळस म्हणून एक झाड असतं, त्याचं पान ठेवतात. उशाशी दिवा लावतात. आणि नेईपर्यंत एकटं सोडत नाहीत."

"म्हणून तू बसलायस?"

"हो."

काकूंनी टेबलाचा खण उघडला. वीज गेली तर लावायला हॉटेलनं तिथं मेणबत्ती आणि काडेपेटी ठेवली होती. ती त्यांनी बशीत उभी केली, त्याच्याकडे दिली. "मला कुठं ठेवायची ते माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यानं ती काकांच्या उशाशी ठेवली आणि काडेपेटी त्यांनाच परत दिली. काकूंनी लावली. दिवसाउजेडी ती ज्योत नीट दिसतही नव्हती. गाडी येईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो.

त्या रात्री मी काकूंच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर झोपले. पहाटे ग्रुप निघून गेला. स्टेशनला जाणाऱ्या बसचा आवाज आम्ही दोघींनी ऐकला.

सकाळी मला वाटलं होतं की त्यांच्यासाठी काहीतरी खोलीत मागवावं. बघते तर काकू कपडे करून, चालायचे बूट घालून बसलेल्या.

"आज आपण काय बघायचं होतं?"

आमच्या घरी माणूस गेलं की चूल पेटत नसे. शेजारून पिठलंभात यायचा तो गिळायचा. देवाला हात लावायचा नाही, कुणाच्या दारी जायचं नाही. सासूबाईंचं सुतक मी नोव्हायमध्ये एकटीनं पाळलं होतं, रोज कामावर जाऊन, घरी येऊन देवघराचा पडदा तसाच बंद ठेवून. आणि ही बाई नवरा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी साइटसीइंगला निघाली होती.

माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. "इथं बसले तर मी दिवसभर त्याच्या बुटांकडे बघत राहीन," त्या म्हणाल्या. "तो हिवाळाभर लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचत होता. मला वाचून दाखवायचा आणि मी शिवता शिवता ऐकायची नाही. आता मी बघून येते."

काका त्यांच्या तोंडी पहिल्यांदाच 'होता' झाले. मी चपला काढून बूट घातले.

टॅक्सी करून आम्ही गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या किल्ल्यावर गेलो. डोंगराएवढे दगड एकमेकांना चुना न लावता बसवलेले. काकू सावकाश चालत होत्या. प्रत्येक थोड्या अंतरावर त्या थांबायच्या आणि काकांचा कॅमेरा माझ्या नवऱ्याकडे द्यायच्या. "या जोडाचा फोटो घे. त्यानं हा घेतला असता." स्वतः फोटोत यायला तयार होईनात. वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उडत होते. खाली लाल कौलांचं कुस्को पसरलेलं, घंटा वाजत होत्या. एवढं सुंदर आणि आपण कुठल्या तोंडानं बघतोय, असं मला सारखं वाटत होतं. मग मी बघायचं ठरवलं. त्यांच्यासाठीच आलो होतो ना.

परतताना टॅक्सीवाल्यानं बाजारापाशी सोडलं. आत बायका जमिनीवर ढीग घालून बसल्या होत्या, आणि एका रांगेत नुसते बटाटे. इतक्या जातींचे बटाटे मी जन्मात बघितले नव्हते. जांभळे, काळे, लाल, वाकडेतिकडे, बोटभर लांबीचे, आतून पिवळे. काकू चालता चालता थांबल्या.

"तो परसात बटाटे लावतो," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. मी म्हणते, दुकानात इतके मिळतात. आत्ता लावलेलेच आहेत. निघायच्या आधी लावलेत."

आणि तिथंच एका पोत्यावर बसून त्या रडायला लागल्या. मोठ्यानं, तोंड झाकून न घेता. मी त्यांच्याजवळ बसले. बटाटेवाली बाई उठली, तिनं आपली शाल काढून काकूंच्या खांद्यावर टाकली आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणत राहिली. ते आमच्यापैकी कुणालाच समजलं नाही. तिनं त्यांना उठवायची घाई केली नाही.

मी नवऱ्याला हाक मारायला मान वळवली. तो जरा लांब, निळ्या ताडपत्रीच्या खांबाशी आमच्याकडे पाठ करून उभा होता. कॅमेरा गळ्यात तसाच. खांदे हलत होते. सांगलीहून आल्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते असं परक्या बाजारात, बटाट्यांच्या मधोमध झालं. मी त्याच्याकडे गेले नाही. काकूंचा हात माझ्या हातात होता, आणि त्याला त्या वेळी कुणी नको होतं.

संध्याकाळी काकू झोपल्यावर आम्ही दोघं हॉटेलच्या चौकात बाकावर बसलो. थंडी पडली होती.

"मी विमानात जेवलो," तो एकदम म्हणाला.

"कधी?"

"आईच्या वेळी. लंडनच्या पुढे. त्यांनी ताट आणलं, मी सगळं जेवलो. गोडसुद्धा खाल्लं. नंतर हिशेब केला, तेव्हा तिकडं तिला नेत होते." मग तो म्हणाला, "दादानं सगळं केलं. नीट केलं. मी पोचलो तर पलंगाची गादी गच्चीवर उन्हात टाकलेली होती. चष्मा खिडकीत होता. मला कुणीतरी चहा दिला, पाहुण्यासारखा."

मी म्हटलं, "तुला भूक लागली होती."

"हो," तो म्हणाला. "लागली होती."

आणखी बरंच बोलला. त्यातलं काही मला माहीत होतं, काही नव्हतं. लहानपणी ताप आला की त्या त्याच्या पायांना कांद्याचा रस लावायच्या, हे मी चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकलं.

सोमवारी कागद आले. काकांना धरून आम्ही चौघं कुस्कोहून लिमा, लिमाहून मायामी आणि मग डेट्रॉइटला आलो. माचू पिचू राहिलं ते राहिलंच. विमानतळावर काकूंचा मुलगा आला होता, वडिलांसारखाच उंच. त्यानं माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मुलीला डब्लिनहून घेऊन आलो आणि त्याच आठवड्यात त्यांच्या गावी फ्युनरलला गेलो. मुलीला घरी ठेवावं असं मला वाटत होतं, पण तो म्हणाला, येऊ दे. लहानसं पांढरं चर्च, निम्मे लोक कारखान्यातले, कोटाची सवय नसलेले. शेवटी तळघरात जेवण होतं, हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड. एक म्हातारी बाई आम्हाला शोधत आली, तिच्या हातात झाकलेली बशी होती. "हे तुमच्यासाठी वेगळं केलंय, यात मांस नाही. तिनं सकाळी दोनदा फोन करून सांगितलं." मी काकूंकडे बघितलं. त्या लोकांच्या गराड्यात उभ्या होत्या, काळ्या पोशाखात आणखी बुटक्या दिसत होत्या. त्यांनी लांबूनच मान हलवली, खा म्हणून.

त्या पुढं आठ वर्षं जगल्या. नाताळला कार्ड यायचं, उन्हाळ्यात एकदा फोन. एकदा मुलाबरोबर आमच्याकडे जेवायला आल्या आणि वरणभात चमच्यानं अगदी निगुतीनं खाल्ला.

त्या दिवशी फ्युनरलहून परतताना मुलगी मागच्या सीटवर बसली होती. मध्येच तिनं इंग्रजीत विचारलं, "डॅड, आजीचं पण असंच केलं का? चर्चमध्ये सगळे बोलले तसं? तिच्याबद्दल कोण बोललं?"

मी त्याच्याकडे बघितलं. हायवेवर दोन्ही बाजूंना मक्याची रोपं हातभर वर आली होती.

"आमच्यात बोलत नाहीत तसं," तो म्हणाला. "पण मी सांगतो तुला."

आणि त्यानं मराठीत सांगायला सुरुवात केली. आजी शाळेत कशी शिकवायची, तिचा आवाज कसा चार घरं पलीकडे जायचा, नदीला पूर आला तेव्हा ती शेजारच्यांच्या म्हशीसकट सगळ्यांना घेऊन वरच्या आळीत कशी गेली. म्हैस नव्हती, शेळी होती. सासूबाईंनीच मला ती गोष्ट सांगितली होती. मी त्याला अडवलं नाही. मुलगी पुढं वाकून दोन सीटच्या मध्ये तोंड घालून ऐकत होती, आणि तो गाडी हळू चालवत होता.